पोत्यावरची पिकअप

पिकअपच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण पोत्यावर नव्हतं.

सकाळी होतं. दुधरामने ते फडक्याने पुसून स्वतःच्या हाताने कोपऱ्यात ठेवलं होतं. आता त्या जागी एक मुंगळा फिरत होता.

"काय शोधून राहिले?" त्याच्या बायकोने, रुख्माने, ओसरीतून विचारलं.

"काही नाही," दुधराम म्हणाला आणि खरंच काही शोधत नसल्यासारखा बसून राहिला.

केशोरीत ही पिकअप कोणाला माहीत नाही? दुधरामच्या बापाने लिलावात घेतलेली, डुकरासारख्या नाकाची, जुन्या जमान्याची गाडी. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, की नाटकाचे पडदे आणि पेट्या हिच्यातूनच यायच्या, आणि चालवायचा दुधरामच. पोरं गाडीमागे धावायची. दुधरामला वाटायचं, आपल्याच मागे धावताहेत.

यंदा ती धूर ओकू लागली. मुलगा विक्की म्हणाला, मिस्त्रीकडे टाका. दुधराम पानठेल्यावर, चारचौघांत म्हणाला, "मिस्त्री कायले पायजे? मीच खोलतो, मीच बसवतो!"

खोलली तर त्याने मोठ्या झोकात. अंगणात पोती अंथरून त्यावर सगळे भाग ओळीने मांडले. बसवायची वेळ आली आणि घोडं पेंड खाऊ लागलं.

आज पाना सापडायचा नाही, तर उद्या एखादा प्लग. दुसऱ्या दिवशी पाहावं, तर वस्तू पोत्यावर जागच्या जागी! आधी दुधरामला कुत्र्याचा संशय आला, मग भंगारवाल्याचा. पण चोरलेली वस्तू परत आणून ठेवणारा भंगारवाला अजून जन्मायचा होता. उरला एकच जण, आणि त्याचं नाव घ्यायची दुधरामला लाज वाटत होती.

बापाचंही शेवटी असंच झालं होतं. स्वतःच्याच दारात उभा राहून हे घर कोणाचं म्हणून विचारायचा. लोक तोंडावर हसायचे.

एके सकाळी, तालुक्याला जातो असं घरी सांगून, दुधराम गोंदियाच्या गाडीत बसला. फुलचूरला त्याचा जुना दोस्त सेवकराम राहत होता. सारी हयात त्याने गॅरेज चालवलं होतं. मिस्त्री नको म्हणणारा माणूस मिस्त्रीच्याच दारात उभा राहिला. सेवकरामची बायको सुशिलाबाई चहा ठेवून आत जाईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

"का बे, गाडी बसून नाही राहिली का?" सेवकराम हसून म्हणाला.

"गाडीचं सोड. माह्या डोक्याचं काहीतरी झालं. वस्तू कुठं ठेवतो, ध्यानात राहत नाही." दुधराम खाली पाहत होता. "घरी कोणाले सांगू नको. रुख्माले तर बिलकुल नको."

शरमेने त्याला कप उचलवेना.

सेवकरामने जास्त विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी अवजारांची पेटी घेऊन तो केशोरीला आला आणि तिथंच मुक्काम ठोकला. काम भराभर पुढे सरकलं. इंजिन बसलं, रेडिएटर बसला. मग एक दिवस पंख्याचा पट्टा दिसेना, आणि दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला पाहतात तो कार्बोरेटरही गायब!

"सकाळी मीबी पाहिला होता," सेवकराम म्हणाला. "म्हणजे तू काही येडा नाही झाला. कोणीतरी उचलून राहिलं."

दुधरामच्या जिवात जीव आला. सेवकराम जेवायला बसला, तसा तो गाडीमागे दडून राहिला.

थोड्या वेळाने रुख्मा आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, पोत्यापाशी वाकली. पदराखाली काहीतरी होतं. दुधरामने झडप घालून तिचं मनगट धरलं. हातात पंख्याचा पट्टा!

"सापडला! चोर सापडला!"

तो एवढ्याने ओरडला, की शेजारची पुष्पाबाई कुंपणाशी धावत आली आणि सेवकराम खरकट्या हातानेच बाहेर आला. रुख्माने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"हो. मीच लपवत होती."

"काऊन?"

"या वयात तुमी मंडया फिरू नये, म्हणून."

दुधरामला राग यायला हवा होता. आला तो आनंद. डोकं शाबूत होतं, बापाचं दुखणं आपल्याला नव्हतं! तो हसत सुटला. "पाहा पुष्पाबाई, बायकोच चोर निघाली! आन् मी येडा समजून राहिलो होतो सोताले!"

"असं करते का कोणी आपल्या माणसासंग?" पुष्पाबाईने रुख्माला चांगलं सुनावलं. रुख्मा मुकाट ऐकत राहिली. दुधरामने तिला सोडवलं नाही. इतके दिवस त्याच्या मानेवर बसलेली लाज आता दुसऱ्याच्या मानेवर होती, आणि त्याला ते फार बरं वाटत होतं.

शेवटी तो उदार झाला. "जाऊ दे, झालं ते झालं. कार्बोरेटर आण आता. आजच गाडी सुरू करू."

रुख्मा तणसीच्या ढिगाकडे गेली. तिने हात खुपसून पाहिला. मग कोठ्यात गेली, गाईच्या गव्हाणीत चाचपलं. तिथून धानाच्या ढोलीमागे, मग चुलीपाशी.

"तूच विसरली का आता?" दुधराम मोठ्याने हसला. पुष्पाबाईही हसली.

सेवकराम मात्र हसला नाही. तो खाली बसला आणि साफ असलेलाच पाना पुसू लागला.

रुख्मा रिकाम्या हाताने परत आली. केसांत तणसीच्या काड्या अडकल्या होत्या. कुंपणाकडे पाठ करून ती नवऱ्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थोडं आठवून पाहा ना. आज कुठं ठेवला तुमी?"