दहा वेळा नऊ

सोमवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी वनमालाचा फोन वाजला. तोपर्यंत दवाखान्याच्या खिडकीवरून एकसष्ट माणसं औषधाविना परत गेली होती.

फोन सुधाताईंचा होता. लष्कर भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात त्या खिडकीवर बसत. मिरगीच्या रुग्णांना तिथे महिन्याच्या गोळ्या फुकट मिळत. कॉम्प्युटरवर नाव आलं की चिठ्ठी निघायची, चिठ्ठी दाखवली की गोळ्या. हा प्रोग्राम वनमालानेच सात वर्षांपूर्वी लिहून दिला होता.

"वनमाला, अगं माणसंच गायब झालीत. कार्डाचा नंबर टाकते तर म्हणतं, असा रुग्ण नाही."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"सव्वानऊपासून सांगतेय. तुमच्या नवीन लोकांचा हुकूम आहे ना, फोन नाही करायचा, तक्रार लिहायची. लिहिली. उत्तर आलं, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. चार दफा आलं."

वनमालाची शिंदे की छावनी भागातली सात माणसांची कंपनी दोन महिन्यांपूर्वी नोएडाच्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. मग एकत्रीकरण सुरू झालं. हुद्दे बदलले, पाट्या बदलल्या, गिऱ्हाइकांची सगळी माहिती तिकडच्या सर्व्हरवर हलवायची ठरली. ते काम सूर्याजी कदमने रविवारी पुरं केलं. दर्पण कॉलनीतला हा सूर्याजी नऊ वर्षं वनमालाच्या शेजारच्या टेबलावर बसलेला. आता तो एकत्रीकरण प्रमुख होता आणि त्याला काचेची खोली मिळाली होती.

वनमाला आत शिरली तेव्हा केक कापून झाला होता. केकवर दोन्ही कंपन्यांची चिन्हं काढलेली होती. जुन्या कंपनीचं चिन्ह आधीच खाऊन झालं होतं.

"दवाखान्याच्या कुठल्या नोंदी काढल्यास?"

"कचरा काढला. ज्यांच्या फोनच्या जागी दहा वेळा नऊ आहे, त्या. टेस्टिंगची खोटी नावं ती. तू पण तसंच करायचीस, मी पण."

ते खरं होतं. प्रोग्राम तपासायला खोटा रुग्ण घालायचा तर फोनच्या जागी सगळेच नऊवर बोट दाबून धरत.

"किती निघाल्या?"

"चारशे बारा."

"त्यातली खोटी नावं नऊच आहेत, सूर्या. मीच घातलेली. बाकी चारशे तीन जिवंत माणसं आहेत. त्यांच्याकडे फोन नाही, एवढंच."

सूर्याजीने बोटावरचं क्रीम चाटलं. "तो फिर क्या? बॅकअप आहे. टाकतो परत. तू ना, उगाच श्राद्ध घालतेस."

अडीच वाजता चारशे तीन नावं जागेवर आली. फोननंतर आलेल्यांना सुधाताईंनी बसवून ठेवलं होतं, पण आधीची एकसष्ट माणसं निघून गेली होती. एक दिवसाची मजुरी बुडवून, बस धरून आलेली ही माणसं. नाव कटलं असं ऐकून ती घरी गेली होती आणि महिनाभर काही फिरकणार नव्हती. मिरगीच्या गोळ्या चार दिवस चुकल्या तरी झटका येतो. तो चुलीपुढे येतो, विहिरीच्या काठावर येतो.

चार वाजता सूर्याजीने अहवाल पुढे सरकवला. बाधित रुग्ण एकसष्ट. क्षमस्व, औषध घेऊन जावे, असे मेसेज पाठवले एकसष्ट. प्रकरण बंद.

वनमालाने तो दोनदा वाचला.

"कुठल्या नंबरवर पाठवलेस?"

"सिस्टिमने पाठवले. ज्याचा जो नंबर आहे त्यावर."

"सगळ्यांचा नंबर एकच आहे."

सूर्याजीने पेन काढून अहवालावर ठेवलं. त्याला कळलं होतं. कळलं आहे हे तिलाही दिसलं.

"अहवालात नंबरचा रकाना नसतो," तो म्हणाला. "खाली सही कर. जुनी गिऱ्हाइकं तुझ्याकडे आहेत."

वनमालाला वाटलं, हा मूर्ख असता तर बरं झालं असतं. तिने सही केली नाही. अहवाल त्याच्या टेबलावर तसाच टाकून ती उठली आणि स्कूटर काढून दवाखान्याकडे निघाली. वाटेत तिने मनाशी सगळं जुळवलं. प्रत्येकाचं गाव बघायचं. घाटीगाव, भितरवार, मोहना. तिथल्या आशा सेविकांना गाठायचं, सरपंचाला गाठायचं. दोन दिवसांत निरोप पोचतो.

सुधाताईंनी यादी छापून ठेवलीच होती. एकसष्ट नावं, कार्डाचे एकसष्ट नंबर, एकसष्ट वेळा तेच दहा नऊ. गावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत काही नव्हतं.

"ताई, गाव का नाही लिहिलंत?" वनमालाचा आवाज चढला. "एवढं साधं कळू नये? कुठे शोधू मी यांना आता?"

सुधाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"खिडकीवर लाइन असते, बाई. मशीन ज्याच्याशिवाय पुढे जात नाही, तेवढंच भरते मी. गाव सोडलं तरी जातं पुढे. फोन सोडला की अडतं. तुला विचारलं होतं मी पहिल्या दिवशीच, ज्याच्याजवळ फोनच नाही त्याचं काय करू? तू म्हणालीस, काही पण टाका, ताई. दाबा नऊ दहा वेळा."

अहवाल त्याच संध्याकाळी तिच्या सहीशिवाय नोएडाला गेला. मंगळवारी दवाखाना बंद होईपर्यंत चौघं आपणहून परत आले. उरलेल्या सत्तावन्न जणांबद्दल अजून काही कळलेलं नाही.