शिट्टीची गाठ

शिबिरप्रमुखांच्या शिट्टीच्या दोरीची गाठ चुकीची होती. दुसरा वेढा उलटा घ्यायचा, तो त्यांनी पहिल्यासारखाच घेतला होता. अशी गाठ दिसायला नीट दिसते आणि ओढ बसली की हळूहळू सरकते. शाळेत ही दोरी कधी सुटली नव्हती. इथे मात्र शिबिर सुरू झाल्यापासून रोज दुपारपर्यंत शिट्टी मातीत पडत होती.

आणि तीच दोरी गळ्यात घालून ते मुलांना गाठी शिकवत होते.

प्रेमिला धर्मशाळेच्या ओट्यावरून पाहत होती. आठवीत नव्याने येणारी मुलं शाळा उघडण्याआधी रामटेकला आणायची आणि त्यांच्यात संघभावना रुजवायची, ही कल्पना शिबिरप्रमुखांची. ते शाळेचे पर्यवेक्षक होते. पचमढीला एक प्रशिक्षण घेऊन आले, तेव्हापासून त्यांना जगातला प्रत्येक माणूस संघाबाहेर पडलेला दिसत होता. जूनच्या उन्हात मुलांच्या टाचा भाजत होत्या. "संघ म्हणजे काय? एक शरीर!" हे भाषण प्रेमिलाला पाठ होतं. कुठे ते आवाज चढवतील आणि कुठे डोळे मिटतील, हेही.

"काय ठरलं वं तुहं?" यमुताईंनी विचारलं. त्या शिवण शिकवत. शिबिरात चूल सांभाळत होत्या.

"अजून नाही."

पुण्याच्या प्रयोगशाळेतली जागा अक्षय तृतीयेपासून तिची वाट पाहत होती. एम.एस्सी. होऊन ती इतकी वर्षं मुलांना लिटमसचा कागद निळ्याचा लाल करून दाखवत होती. या सोमवारपर्यंत होकार गेला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. अशी जागा परत येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"त्याईले सांगितलं का?" यमुताईंनी डावाने मैदानाकडे दाखवलं.

"सांगायचं आहे."

"कवा? गाडी गेल्यावर?"

मैदानावर आता विश्वासाचा खेळ चालला होता. डोळे मिटून मागे पडायचं, मागच्यांनी झेलायचं. शिबिरप्रमुखांनी स्वतः करून दाखवलं. त्याआधी त्यांनी सर्वांत दांडगी सहा मुलं मागे उभी केली आणि पडताना एक डोळा किलकिला ठेवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"या बाई, आता तुम्ही! मी झेलतो."

"नको."

"विश्वास नाही वाटतं?"

"पडायला विश्वास लागत नाही, सर. गुरुत्वाकर्षण पुरतं."

दोन-चार मुलं हसली. शिबिरप्रमुखही हसले, पण नुसत्या दातांनी. "बघा मुलांनो. फार शिकलं की माणूस एकटा पडतो. आमच्या बाई आता पुण्याला जायच्या गोष्टी करतात म्हणे! अरे, संघ सोडून कुणी गेलंय का कधी? जाणार कुठे!"

म्हणजे त्यांच्या कानावर आलं होतं. आणि त्यांनी ते असं निकालात काढलं होतं, पोरांपुढे. प्रेमिलाने त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. गाठ पुन्हा निम्मी सरकली होती.

समारोपाचा खेळ म्हणजे नावाचा चेंडू. सगळ्यांनी, बाईंनीसुद्धा, सावलीत गोल बसायचं. ज्याच्याकडे चेंडू टाकायचा, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि स्वतःचा एक निश्चय बोलून दाखवायचा. नाव आलं नाही तर बाद. बाद झालेल्याने उन्हात उभं राहायचं.

पारशिवनीची गोपिका पहिल्याच फेरीत बाद झाली. समोरच्या, नागपूरच्या रामदासपेठेतल्या मुलाचं नाव 'शरच्चंद्र' होतं; तिच्या तोंडात ते 'शरदचंदर' झालं. सगळे हसले. शिबिरप्रमुखांनी तिला दोनदा म्हणायला लावलं, मग उन्हाकडे बोट दाखवलं.

चेंडू फिरत फिरत प्रेमिलाकडे आला. मोठ्यांनी मोठ्यांकडेच टाकायचा होता, आणि मोठ्या माणसांत आता शिबिरप्रमुखच उरले होते.

"बाईंना सूट," ते घाईने म्हणाले. "बाई आमचं नाव घेत नाहीत. द्या चेंडू इकडे."

"काहून जी?" उन्हातून गोपिका म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मले तं नाई देल्ली सूट. बाईले काहून?"

"ए, गप उभी राहा!"

"पन नेम तं सगळ्याईले एकच हाय म्हने ना जी."

शिबिरप्रमुखांनी शिट्टी वाजवायला हात वर नेला. दोरी सुटून त्यांच्या हातात आली आणि शिट्टी मांडीवरून घरंगळली. ते ती चाचपू लागले.

"बरोबर बोलतेस, गोपिका," प्रेमिला म्हणाली. "सूट नको. तू सावलीत ये आधी."

ओट्यावर यमुताईंचा डाव वरणातच थांबला. "पोरी..." त्या पुटपुटल्या.

प्रेमिला उभी राहिली. तिने चेंडू नीट, छातीच्या उंचीवर टाकला.

"मार्तंड."

हे नाव तिने याआधी एकदाच घेतलं होतं. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत, त्यांना घास भरवताना.

"मी पुण्याची जागा घेते आहे. उद्यापासून घरीही शिट्टीची गाठ तुमची तुम्हीच बांधायची."