नऊ सेकंद

"एवढी एकच खोड आहे, साहेब. म्हणून तर मातीमोल भावात देतोय," इनामदार म्हणाला.

चाचणीच्या फेरीला सहाशे घोड्यांच्या ताकदीची ती बिनचालकाची आलिशान गाडी आपली आपण वाऱ्यासारखी सुटली होती. पण कन्याशाळेसमोर, मोकळ्या रस्त्यावर गपकन थांबली. नऊ सेकंदांनी पुन्हा निघाली.

"पहिल्या मालकानं हौसेनं स्वतः दामटली आणि इथं एका पोरीला उडवलं. गाड्या शिकतात ना, ही जरा जास्तच शिकली. तेव्हापासून कुणी असो-नसो, थांबतेच. उद्या तेवढी आठवण पुसून देतो."

"पुसू नका," खटावकर म्हणाले.

गिऱ्हाईक चक्रमच दिसतंय, असं इनामदारच्या मनात आलं. पण वर्षभर धूळ खात पडलेली गाडी खपत होती. दुकानी परतल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे हार घातला, नारळ फोडला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

खटावकर धडपडत खाली वाकले. त्यांनी लिंबू उचललं आणि मुठीत घट्ट धरलं.

"हिच्या चाकाखाली काही नको हो," ते म्हणाले. "पोरीला रस्ता ओलांडायला नऊ सेकंद लागतात. एवढं शिकायला हिला माझी रेवा लागली."