पूरग्रस्त बाईचा पार्ट

"मला वाटणाऱ्यांत घ्या की! मी कशाला पूरग्रस्त?" चटईवर बसवल्याबरोबर तिर्सा करवादली.

चर्चमधली बाकं बाजूला सारून मदतवाटपाची तालीम चालली होती. उद्या पुराच्या गावाला टेम्पो निघणार होता आणि त्यात एकच जागा उरली होती. नववीत शाळा सोडून घरी कंटाळलेल्या तिर्साला ती काहीही करून हवी होती. पण "चिडकीला नेणार नाही," असं चर्च सांभाळणाऱ्या पाळकबाईंनी आधीच बजावलं होतं. म्हणून ती मुकाट बसली आणि पुरातून आलेल्या बाईला कसं वाटत असेल, त्याचा विचार करू लागली.

वाटणाऱ्यांतल्या एलियादादानं डाळ-तांदळाची पिशवी तिच्या हातात कोंबली आणि मोबाइल काढला. "मावशी, जरा हसा बघू. फोटो काढतो."

तिर्सानं फाडकन मोबाइलच हिसकावला. "हसा काय? डोकं फिरलंय का तुझं?"

"गेली हिची जागा!" मागून कुणीतरी खिदळलं.

पाळकबाई मात्र तिच्यासमोर चटईवर बसल्या. "एवढा राग कशाचा आला गं?"

तिर्सालाही तेच नवल वाटत होतं. "मी खरंच भिजलेय असं वाटायला लागलं हो. साडी अंगाला चिकटलीय आणि समोर हे सगळे पुरुष. मला डाळ नको होती, बाई. कपडे बदलायला आडोसा हवा होता."

पाळकबाईंनी बांधून ठेवलेल्या सामानाकडे पाहिलं. त्यात साड्यासुद्धा होत्या. आडोसा कुणालाच सुचला नव्हता.

"नाताळच्या नाटकाचा पडदा काढ," त्या म्हणाल्या. "दोरीपण घे. तिथं तो बांधायला तूच लागशील."