तेजलचं पोट
लालबागच्या चाळीत तेजलचं पोट फुगलेलं दिसू लागलं, तशी शेजारणींची कुजबुज सुरू झाली. तिचं लग्न अजून व्हायचं होतं. “आई, गणपतीची शपथ, तसलं काही नाही,” ती रडून म्हणाली. तरी आईनं तिला परळच्या डॉक्टरबाईंकडे ओढतच नेलं. तपासणी झाली. दिवस गेलेले नव्हते. मग बाईंनी तेजलला साखरेचं पाणी पाजून नळीत फुंकायला लावलं. श्वासात मिथेन वायू भरपूर निघाला. “आर्किया नावाचे सूक्ष्मजीव पुष्कळांच्या आतड्यांत असतात. हिच्यात फार वाढलेत. त्यांच्या वायूनं आतडी मंदावतात, पोट फुगतं. औषधानं उतरेल,” त्या म्हणाल्या. बाहेर येताच आई म्हणाली, “सुटले बाई!” तेजल जागची हलली नाही. “मी सांगत होते तेव्हा नाही पटलं तुला?” आईनं पहिल्यांदाच लेकीच्या पोटावर हात ठेवला. “दुखतं का गं?”