दोन बोटं

"या दंडाला हात लावायचा नसतो, फ्राउ डॉक्टर," समारंभातला दंडधारी हळूच म्हणाला. "आज नुसतं हातात पदवी घ्यायची आणि हसायचं."

लिली आश्नरने हात मागे घेतला नाही. विद्यापीठाचा चांदीचा दंड तिच्या छातीसमोर होता आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. पदवीला पन्नास वर्षं झाली, ती समारंभाने नवी करून देतो, या म्हणून पत्र आलं, तशी ओहायोहून ऑस्ट्रियाला आलेली. आजच तिचं ओहायोचं कॉलेज आणि हे विद्यापीठ यांचा करारही व्हायचा होता: दरवर्षी इकडची दहा मुलं तिकडे, तिकडची दहा इकडे.

"शपथ घेतल्याशिवाय मी पदवी घेणार नाही," ती म्हणाली.

डीन पिखलमायर झगा सावरत पुढे झाले. "बाईसाहेब, शपथ आयुष्यात एकदाच घेतात. पन्नास वर्षांनी फक्त कागद नवा होतो. नियमच आहे तसा."

"माझी ती एकदाची व्हायचीय अजून."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? हिटलरने हा देश घेतला, त्या अडतीस सालच्या जुलैत बाकीच्यांनी इथे, या दंडावर बोटं ठेवून वचन दिलं. आईबाप पुढच्या रांगेत बसले होते त्यांचे. आम्हा ज्यू पोरांना मागच्या जिन्याने बोलावलं. कारकुनाने खिडकीतून कागद सरकवला. त्याआधी दुसऱ्या कागदावर सही घेतली, की या देशात कधी नोकरी करणार नाही. माझी आई खाली रस्त्यावर उभी होती. नवी हॅट घालून."

डीनसाहेबांनी घसा खाकरला. "वाईटच काळ होता तो. पण नियम..."

"तेव्हाही नियमच होता, साहेब."

पुढच्या रांगेतून तिच्या कॉलेजचा डेल हचिन्स अर्धवट उठला. करार त्यानेच दोन वर्षं खपून जुळवून आणला होता. "लिली, अगं मिटव ना," तो इंग्रजीत कुजबुजला. "एक फोटो निघाला की झालं."

"तू खाली बस, डेल. तुझी दहा पोरं कुठे पळत नाहीत."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. डीनसाहेबांनी अमेरिकन पाहुण्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"बरं. बाईसाहेबांच्या इच्छेखातर."

"इच्छेखातर नको. बाकीच्यांना दिलीत तशी द्या."

डीनसाहेबांनी मान डोलावली. दंडधाऱ्याने दंड आडवा धरला. लिलीने दोन बोटं टेकवली. चांदी गार होती. आता डीनसाहेब शपथ वाचणार आणि तिने एकच लॅटिन शब्द म्हणायचा: 'स्पोंदेओ', वचन देते. सकाळी हॉटेलच्या आरशासमोर तिने तो दहादा म्हणून पाहिला होता. दहाही वेळा तो नीट आला होता.

डीनसाहेब मायक्रोफोनवर भराभर वाचू लागले. "...आणि ज्या विद्यापीठाने आपणास हा सर्वोच्च मान दिला, त्याची आठवण आपण जन्मभर निष्ठेने जपाल, असं वचन देता?"

लिलीने तोंड उघडलं. शब्द आला नाही. मानेपासून कानापर्यंत ती लाल झाली.

"आठवण?" ती म्हणाली.



"आठवण जपायला सांगता मला? ओहायोत पहिली दोन वर्षं लोकांची भांडी घासली, तेव्हा जपली. तुमच्या या विद्यापीठाच्या बागेतल्या एकेका झाडाचं नाव तिथल्या पोरांना वनस्पतिशास्त्राच्या वर्गात तीस वर्षं शिकवलं, तेव्हा जपली. आई गेली, तिची कबर कुठे आहे ते आजही ठाऊक नाही. तेव्हासुद्धा जपली! आणि तुम्ही? पन्नास वर्षांत एक ओळ? पत्र आलं ते करार ठरल्यावर."

तिने डाव्या हाताने डीनसाहेबांचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांची दोन बोटं तिने ओढून आपल्या बोटांशेजारी दंडावर ठेवली.

"मी वचन न देता पाळलं," ती म्हणाली. "आता तुम्ही द्या."

दंडधाऱ्याने दंड तसाच धरून ठेवला. मायक्रोफोन चालू होता. सगळ्या सभागृहाला डीनसाहेबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.