थाळीचा खेळ

“बाप्या माणूस लेकरात लय रमाया लागला, की काय तरी लपवतोय समज,” असं राहीबाईची आत्या म्हणायची. कोयनानगरात संसार मांडल्यापासून राहीबाईला ते रोज आठवे. सयाजी कामावरून आला की चार वर्षांच्या सुमीचा घोडा व्हायचा. मग एकाएकी थाळी बडवायचा आणि सुमी असेल तिथून तिला उचलून अंगणात धूम ठोकायचा. अंगणापलीकडं नव्या नर्सबाईची खोली होती. खेळ लेकीचा, पर डोळा कुणावर? राहीबाईच्या मनात कुसळ सलू लागलं.

एका संध्याकाळी सुमीला शेजारी धाडून तिनंच थाळी बडवली.

सयाजी अंगणाकडं गेलाच नाही. “सुमे! सुमे!” करत तो खाटेखाली, दारामागं, वाकळंत लेकीला शोधत सुटला. 

“आवं, शेजारी हाय ती! काय लपवताय येवढं?”

सयाजी मटकन खाली बसला.

“भूकंपात माझी धाकटी भैन बायजा गेली तवा मी धरणावर हुतो म्हनलो ना, त्ये खोटं हाय. ती माझ्या शेजारीच झोपली हुती. थाळ्या खणखणाया लागल्या तसा मी एकटाच पळालो.”